कराचीहून आणलेला भाऊ

आई मुलगा आणायला परदेशी निघाली तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि बोटीवर तिच्या शेजारीच वळकटीवर बसले होते. पोटची मुलगी बरोबर घेऊन मुलगा आणायला निघालेल्या बाईकडे कोणी वळून पाहिलं नाही, कारण त्यात कोणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. राग मला मात्र येत होता. तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं, म्हणून आईने हातात दिलेले शेंगदाणे मी एकेक करून समुद्रात टाकत होते.

आमचं घर बदलापूर गावात आणि भातशेती शिरगावात. वडील गेले त्याच वर्षी काकांनी घराच्या मधोमध भिंत घातली. तेव्हाच्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमिनीचं भात जन्मभर खाता येई, पण ती विकता येत नसे, कोणाला देता येत नसे, आणि ती गेली की जमीन दिराकडे. मुलगी हिशेबातच नव्हती. काका हे सगळं आमच्याच पाटावर बसून, आमचंच ताक पीत सांगायचे. "वहिनी, तुम्ही आहात तोवर खुशाल खा. पुढचं आम्ही बघू. पोरीचं लग्नही बघू की." बघू म्हणताना ते माझ्याकडे असे बघायचे की मी उठून स्वयंपाकघरात जायची.

दत्तक घेतला तर गोष्ट बदलत होती. विधवेलाही दत्तक घेता येत होता, आणि मुलगा मांडीवर आला की काकांचा हात तिथेच थांबत होता. पण काका काही झोपलेले नव्हते. त्यांनी गावात आणि नात्यात सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आमच्या वहिनीला जो मुलगा देईल त्याचं आणि आमचं जन्माचं वैर. मग कोण देणार? शेवटी माझ्या मामाला कराचीची मावशी आठवली. मामा अंबरनाथला कारखान्यात कारकून होता. मावशी म्हणजे आईची मामेबहीण, लग्न होऊन कराचीला गेलेली. फाळणीच्या धांदलीत तिच्या नवऱ्याला विषमज्वर झाला, त्याच्या उशाशी बसून तिच्या सगळ्या बोटी सुटल्या, आणि तो गेल्यावर ती आणि तिचा मुलगा तिथेच अडकले. काकांचं वैर कराचीपर्यंत पोचत नव्हतं.

"बारा वर्षांचा घोडा आहे पण," मामा म्हणाला.

"बरंच आहे," आई म्हणाली. "तान्हं वाढवत बसायला मला वेळ नाही. उद्या बांधावर उभा राहील असा हवाय."

दत्तक पोस्टाने होत नाही. देणारीने आपल्या हाताने द्यावा लागतो आणि घेणारीने आपल्या हाताने घ्यावा लागतो. मावशीला इकडे यायचं परमिट मिळत नव्हतं, कारण तिची जबाबदारी घेऊन इथून कोणी अर्जच केलेला नव्हता. म्हणून आई, मी आणि रजा काढून मामा असे आम्ही तिघं तिकडे निघालो. ज्या शहरातून जीव घेऊन आलेली माणसं आमच्या गावाच्या अलीकडे, कल्याणजवळ, पलटणीच्या रिकाम्या बराकींत चादरींचे आडोसे करून राहत होती, त्याच शहराला आम्ही तिकीट काढून चाललो होतो. निर्वासितांच्या त्या छावणीत, कॅम्प दोनमध्ये, पापड विकणारी एक सिंधी बाई मामाच्या ओळखीची होती. तिने कपाळावर हात मारला. "हम उधर से जान लेके भागा, और तुम छोकरी लेके उधर जाता?" आई तिला म्हणाली, "कामाला जातेय." जसं काही कल्याणला मीठमसाला आणायला निघाली होती.

मावशी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. एक खोली, एक शिवणाचं मशीन, आणि खिडकीत वाळत घातलेला मुलाचा सदरा. शेजारचे सगळे मराठी लोक गेलेले होते. तिला दमा होता. बोलताना ती वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घ्यायची, आणि आई तेवढ्यात पुढचं बोलून टाकायची. त्यामुळे सगळं बोलणं आईच्याच मनासारखं झालं. मुलगा उंच, काटकुळा, मोठ्या कानांचा होता. तो आमच्या तिघांच्या पाया पडला, माझ्यासुद्धा. मी पाय मागे घेतला.

"मी तयार आहे गं," मावशी म्हणाली. "इथे याचं काय होणार? पण मला एकटीला इथे ठेवू नकोस. मी कोपऱ्यात पडून राहीन. शिवण करीन. त्याच्यावर हक्क सांगणार नाही."

"वेडी की काय तू," आई म्हणाली. "गेल्या गेल्या तुझा अर्ज करते. घरचा तांदूळ आहे, एक पान जास्त झालं तर काय बिघडलं? सहा महिन्यांत तू बदलापुरात असशील. शब्द देते."

त्या शब्दावर तिने मुलगा दिला. नुसत्या जमिनीवर दिला नसता, हे मी तिचा चेहरा पाहिला होता म्हणून सांगते.

विधी झाला त्या दिवशी एक म्हातारे भटजी आले. मागे राहिलेल्या मोजक्या लोकांतले ते एक. मावशीने मुलाचा हात आईच्या हातात दिला आणि वर पाणी सोडलं. आईने त्याला मांडीवर बसवून घेतलं. बारा वर्षांचा मुलगा, त्याचे गुडघे आईच्या हनुवटीपर्यंत आलेले, पाय फरशीवर टेकलेले. आपलं वजन आईवर पडू नये म्हणून तो टाचांवर जोर देऊन अर्धवट उभाच होता, आणि भटजी सांगत होते, "नीट बस बाळ, पूर्ण बस, नाहीतर व्हायचं नाही." तो पूर्ण बसला. मग आईने त्याचं डोकं हुंगलं, कारण तसं सांगितलेलं आहे. मांडी माझ्या आईची होती. मला तिच्यावर बसून किती वर्षं झाली होती कोण जाणे. आईचे डोळे कोरडे होते आणि मावशी दाराच्या बाहेर जाऊन खोकत होती.

पुढची पायरी परमिटची. मुलाला इकडे कायमचं आणायचं तर तो आईचा मुलगा आहे अशी परमिट कचेरीतल्या साहेबाची खात्री पटायला हवी होती. मामाने चौकशी करून सांगितलं की साहेब मोठ्या मुलांनाच प्रश्न विचारतो, आणि पोर जरा जरी गोंधळलं तरी परत पाठवतो. मग मावशीनेच त्याची तयारी करून घेतली. दुपारभर ती मशीनपाशी बसून त्याला विचारत होती.

"ही कोण?"

"आई."

"आणि मी?"

तो मशीनच्या चाकाकडे बघू लागला.

"मी कोण? सांग बघू."

"तू पण..."

"चूक. मी मावशी. पुन्हा सांग."

चार वाजेपर्यंत तो न अडखळता सांगू लागला. मावशीने त्याला शाबासकी दिली आणि त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. माझी आई पलंगावर पडून हे सगळं ऐकत होती. ती मध्येच एकदा म्हणाली, "नुसतं तोंडपाठ नको, सवय व्हायला हवी. आजपासून तसंच हाक मारू दे." आणि त्या क्षणापासून मावशी स्वतःच्या मुलाची मावशी झाली. साहेबापुढे तो पोपटासारखा बोलला. परमिट मिळालं. धक्क्यावर निघताना मावशीच त्याला म्हणाली, "मावशीला नमस्कार कर." तो वाकला. तिने त्याला उठवलं नाही, जवळ घेतलं नाही. घेतलं असतं तर तो सुटला नसता, हे तिला ठाऊक असणार.

बोट सुटल्यावर मामा म्हणाला, "गेल्या आठवड्यात रजेचं सगळं गणित बिघडलंय माझं. तिचा अर्ज लगेच करायचा असेल तर मुंबईतच उतरल्यावर करून टाकू."

"कसला अर्ज?" आई म्हणाली.

"तिच्या परमिटचा," मामा म्हणाला.

"ती आली की हा तिच्या पदराखाली जाईल. मग मी काय केलं एवढं? मला मुलगा हवाय. दोघांना पोसायचं असतं तर धर्मशाळा काढली असती."

मुलगा आमच्याकडे पाठ करून कठड्याशी बसला होता. त्याने ऐकलं की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. वारा होता. मी त्याच्या पाठीकडे बघत होते आणि ती जराही हलली नाही.

बदलापुरात काकांनी त्याला अंगणात उभा करून चारही बाजूंनी पाहिला, बाजारात बैल बघतात तसा. "हा कराचीचा माल?" ते म्हणाले. पण वकिलाने त्यांना सांगितलं की दत्तक पक्कं आहे, आणि तेव्हापासून ते ताक प्यायला यायचे बंद झाले. आई त्या दिवशी खूश होती. तिने त्याच्यासाठी घावन केले आणि समोर बसून वाढले. ती त्याला कधी उपाशी ठेवत नव्हती, कधी हात उगारत नव्हती. कोणी म्हणेल, मग छळ कसला? छळ हा की ती त्याच्याकडे कुंपणाकडे बघावं तसं बघायची. भक्कम आहे ना, झालं.

गावातली पोरं त्याला सिंधी म्हणायची. तो सिंधी नव्हता, पण त्याला सिंधी छान येत होती, आणि आमचं मराठी बोलताना तो मध्येच हिंदीत घसरायचा. अंबरनाथच्या शाळेतून सुटला की तो कधीकधी कॅम्पात जायचा. पापडवालीच्या दुकानात पोत्यावर बसून तासभर बोलायचा. आई ओरडत नव्हती, कारण तिथून तो पापड आणि कापड स्वस्तात आणायचा. त्या बाईचा एक दीर अजून कराचीत होता. तिकडून कोणी आलं की मावशीची खबर यायची. दमा वाढलाय, मशीन विकलं, आता दुसऱ्यांच्या घरी शिवायला जाते.

दर दिवाळीला तो आईला विचारायचा, "मावशी कधी येणार?"

"परमिट बंद झालीत," आई म्हणायची. पुढच्या वर्षी, "आता पासपोर्ट लागतो." त्याच्या पुढच्या वर्षी, "लावणी होऊ दे." मग, "तिच्या दम्याला इथली हवा मानवायची नाही." एवढं बोलून ती त्याच्या पाठीला उटणं लावायची, खसाखसा, त्याचं अंग लाल होईपर्यंत. पाचव्या वर्षी त्याने विचारलं नाही. आई मला म्हणाली, "रुळला बाई एकदाचा."

मग कायदा बदलला. कल्याणचे वकील घरी येऊन समजावून गेले की आता बाईच्या ताब्यातली जमीन पूर्ण तिच्या मालकीची, ती कोणालाही देऊ शकते, मुलीलासुद्धा. आई त्या दुपारी हसत सुटली. तो शेतावरून येऊन जेवायला बसला होता. ती त्याच्या पानात भात वाढत होती आणि हसत होती. "काय बाई नशीब. थोडी वर्षं थांबले असते तर हा सगळा व्याप करावाच लागला नसता. उगाच कराची केली."

भाताचा घास त्याच्या हातात होता. तो म्हणाला, "मग मी जाऊ का?"

"कुठे?"

"मावशीकडे. आता माझं काम नाही ना?"

"दिलेला मुलगा परत होत नसतो," आई म्हणाली. "शास्त्रात नाही तसं. आणि आता हा बांधावर उभा राहायला लागलाय तर म्हणे जातो. आमटी घे."

त्याने आमटी घेतली. मी जेवत्या पानावरून उठले आणि आईने माझ्याच थोबाडीत दिली, अन्नाचा अपमान केला म्हणून.

माझं लग्न ठरलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आईला ते लग्न काकांच्या नाकावर टिच्चून करायचं होतं. मुलीच्या भावाला लग्नात मान असतो. लाजाहोमात तो बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो, नवऱ्या मुलाचा कान पिळतो. भाऊ नसला तर चुलतभाऊ पुढे होतो, आणि काकांचे दोन मुलगे त्याची वाटच बघत होते. आईने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, माझा मुलगा आहे, तो करील. त्याच्यासाठी तिने रेशमी काठाचं धोतर घेतलं. मला वाटतं, त्याच्यासाठी तिने मनापासून घेतलेली ती एकच वस्तू.

लग्न बुधवारी होतं. सोमवारी तो पापड आणायला कॅम्पात गेला. मंगळवारी घरात देवक बसलं. बुधवारी तो पहाटेपासून पाणी भरत होता, पाट मांडत होता, वरपक्षाच्या म्हाताऱ्यांना हाताला धरून आणत होता. लाह्या घालायची वेळ आली तेव्हा तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याने ओंजळीत इतक्या घातल्या की त्या माझ्या बोटांमधून खाली पडायला लागल्या. "अरे पुरे, सांडतायत," मी पुटपुटले. तो हसला. माझ्या नवऱ्याचा कान त्याने असा पिळला की सगळा मांडव हसला, काकासुद्धा हसले. आई दुरून बघत होती. विधवेने मांडवात पुढे यायचं नसतं, पण ती खांबाला टेकून उभी होती आणि तिचा ऊर भरून आला होता.

गुरुवारी मी नवऱ्याबरोबर मांडवपरतणीला माहेरी आले. नवरा ओटीवर बसला होता. मी आत गेले तर आई तांब्याची भांडी पुसून फडताळात लावत होती, आणि भाऊ दारापाशी उभा राहून तिला सांगत होता.

"मावशी गेली," तो म्हणाला.

आईने भांडं खाली ठेवलं. "कोणी सांगितलं?"

"पापडवालीचा दीर आलाय कराचीहून. महिना झाला म्हणाला."

"तुला कधी कळलं?"

"सोमवारी. पापड आणायला गेलो तेव्हा."

आमच्याकडे सुतक लागतं ते माणूस गेल्यापासून नाही, कानावर आल्यापासून. म्हणून लग्नघरी वाईट बातमी आणणाऱ्याला वाटेतच थोपवतात. त्याला कोणी थोपवलं नव्हतं. तो ऐकून, पापडांचं पोतं खांद्यावर घेऊन घरी आला होता, आणि त्याने तोंड उघडलं असतं तर लाह्या घालायला काकांचा मुलगा उभा राहिला असता. आईचा मान गेला असता. म्हणून तो बोलला नाही. ज्या बाईने त्याच्या आईला फसवलं, तिच्या मानासाठी त्याने आपल्या आईचं मरण दाबून ठेवलं.

देवक बसल्यावर कळलं तर सुतक लागत नाही. आईने एवढंच विचारलं, "देवक बसायच्या आधी कळलं का नंतर?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. "आधी," तो म्हणाला.

"म्हणजे सुतकात सगळ्या मांडवाला शिवलास. हिच्या ओंजळीला शिवलास." ती भिंतीला टेकली. "आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"कोणाला नाही."

मग तिने हाताची बोटं पुढे केली आणि अंगठ्याने पेरं मोजली. "सोमवार, मंगळवार, बुधवार. दत्तक गेलेल्याला जन्म देणारीचं सुतक तीन दिवस. झालं की. संपलं. डोक्यावरून आंघोळ कर आणि ये, जावई पंगतीला थांबलेत. कोणाजवळ बोलायचं नाही."

तो विहिरीवर गेला. त्याचं सगळं सुतक माझ्या लग्नाचं पाणी भरण्यात संपलं होतं. विहिरीवर रहाट फिरल्याचा आणि अंगावर बादल्या ओतल्याचा आवाज येत होता. मला आईची अशी चीड आली की हातातलं लुगड्याचं बोचकं मी तिच्या पायाशी टाकलं.

"तू तिला शब्द दिला होतास," मी म्हणाले. "सहा महिन्यांचा."

आई पुन्हा भांडी पुसायला लागली होती. "दिला होता," ती म्हणाली. "नाही म्हणत नाही. मी आणणारच होते तिला, तुझं लग्न उरकलं की. तिलाच घाई झाली." तिने एक तपेली उजेडात धरून पाहिली. "एका परीने बरंच झालं म्हणायचं. माझा शब्द काही मोडला नाही."

मी मागे वळले. तो ओलेत्याने दारात उभा होता, केसांतून पाणी गळत होतं. किती वेळ उभा होता ठाऊक नाही.

"आई," तो म्हणाला, "पानं मांडू का?"